डब्यातलं प्रोटीन आणि आपल्या ताटातला वाटा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

चुलीपाशी असाल, शेतावर असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या मीटिंगला सगळ्याजणी मिळून रेडिओ ऐकत असाल, सगळ्यांना माझा नमस्कार. मी पुण्यातल्या विश्रांतवाडीहून आलेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आळंदी रोड, फुलेनगर, कळस, धानोरी या भागातल्या वस्त्यांमधले गट मी बघते. आमच्या बायका घरकाम करतात, पोळ्या लाटायला जातात, शिवण करतात. बऱ्याचजणींचं माहेर तुमच्यासारखंच गावाकडचं आहे.

आज व्याजाचा हिशेब नाही, बँकेचे कागद नाहीत. आज मी बोलणार आहे एका डब्याबद्दल. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातात तुम्ही तो बघितला असेल. मोठा, काळा, चकचकीत डबा. आत पांढरी नाहीतर चॉकलेटी पावडर. त्याला म्हणतात व्हे प्रोटीन. आता तालुक्याच्या गावातही हा डबा मिळतो. आणि पोरगं म्हणतं, "आई, मला तो डबा पाहिजे." तेव्हा आईनं काय करायचं, त्यावर आजचं बोलणं.

मीटिंगमध्ये काय झालं

मागच्या वर्षी आमच्या एका गटाच्या मीटिंगमध्ये एका मावशींनी चार हजार रुपये कर्ज मागितलं. नाव सांगत नाही, गटातली गोष्ट गटातच राहावी. या मावशी सकाळी सातपासून चार घरची धुणीभांडी करतात. एकदाही त्यांचा हप्ता चुकलेला नाही. मी विचारलं, "मावशी, कर्ज कशासाठी लिहू?" त्या खाली बघून म्हणाल्या, "पोराला प्रोटीनचा डबा घ्यायचाय. पोलीस भरतीची तयारी करतोय."

मी काय केलं ठाऊक आहे? सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, असल्या पावडरीला गटाचे पैसे मिळणार नाहीत. किडन्या खराब होतात त्यानं." दोघीचौघी हसल्या. मावशी गप्प बसल्या.

खरं सांगायचं तर त्या पावडरीतलं मला काहीही माहीत नव्हतं. मी बी.ए. झालेय, पण हा विषय कधी वाचला नव्हता. कुणाकडून तरी ऐकलेलं तोंडावर फेकलं, एवढंच. आमचा गट महिन्याला दोन टक्क्यांनी कर्ज देतो. मावशींनी ते चार हजार बाहेरून दहा टक्क्यांनी काढले. आणि ओळखीतून कुठूनसा सुटा माल आणला. प्लास्टिकच्या पिशवीत पावडर. ना नाव, ना तारीख, ना बिल. पोराचं पोट दोन दिवस बिघडलं. पिशवी कपाटावर गेली आणि व्याज सुरू राहिलं.

मी नाही म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारले असते, तर हे टळलं असतं. म्हणून मग मी चौकशीला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, आहारावरची सरकारी पुस्तिका वाचली, डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकले. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

हे व्हे म्हणजे आहे तरी काय?

श्रीखंडासाठी आपण दही फडक्यात बांधतो. खाली पातेल्यात पिवळसर, जरा हिरवट झाक असलेलं पाणी गळतं. दूध नासवून पनीर केलं की तसंच पाणी उरतं. आपण त्याला निवळी म्हणतो, आयुर्वेदात दह्याच्या पाण्याला मस्तु म्हणतात. इंग्रजीत अशा पाण्याला व्हे म्हणतात. म्हणजे ही काही परदेशातून आलेली जादू नाही. आपल्या पातेल्यातलीच वस्तू आहे.

दुधात जेवढं प्रोटीन असतं, त्यातला साधारण ऐंशी टक्के भाग केसीन नावाच्या प्रोटीनचा आणि वीस टक्के भाग या व्हेचा असतो. चीज करताना दूध फार तापवत नाहीत. विरजणासारखी एक वस्तू घालून ते घट्ट करतात. केसीन चीजमध्ये जातं आणि व्हे पाण्याबरोबर बाहेर पडतं. दहा लिटर दुधाचं साधारण एक किलो चीज होतं आणि नऊ लिटर पाणी उरतं. पूर्वी कारखान्यांना या पाण्याचं करायचं काय हा प्रश्न पडायचा, कारण ते ओढ्या-नदीत सोडलं की पाणी सडतं. मग ते फार बारीक चाळणीसारख्या पडद्यांतून गाळायची रीत निघाली. पाणी आणि साखर निघून जाते, प्रोटीन वर राहतं. ते गरम हवेत फवारून वाळवलं की पावडर तयार. किलोभर पावडरीला असं शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. म्हणून ती महाग.

आणि हे कुठं लांब होत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, मंचरला होतं. पुणे-नाशिक रस्त्यानं गेलात तर हे गाव लागतं. तिथं पराग मिल्क फूड्स ही कंपनी १९९२ साली सुरू झाली. गोवर्धन तूप आणि गो चीज ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती त्यांचीच. त्याच चीजच्या पाण्यापासून ते अवतार नावाची व्हे पावडर करतात. गुजरातची अमूलसुद्धा आता व्हे प्रोटीन विकते. मी कुणाची जाहिरात करत नाही. सांगायचं एवढंच की डब्यावर इंग्रजी अक्षरं आणि फुगलेले दंड दिसले, तरी आत गाईचं दूध आहे. कदाचित तुमच्यातल्याच कुणाच्या गोठ्यातलं.

इथं एक गैरसमज दूर करते, कारण तो मीच आधी पसरवला होता. मी गटात सांगायचे, "डबा कशाला, पनीरचं पाणी प्या, तेच व्हे प्रोटीन." ते बरोबर नाही. आपण पनीर करताना दूध उकळतो. उकळल्यावर व्हेमधलं बहुतेक प्रोटीन केसीनला चिकटतं आणि पनीरमध्येच राहतं. खालच्या पाण्याच्या एका पेल्यात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन उरतं. दही आपण उकळलेल्या दुधाचं लावतो, म्हणून चक्क्याचंही तसंच. त्या पाण्यात दुधाची साखर, क्षार आणि ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार असतो. ती हिरवट झाक त्या जीवनसत्त्वाचीच. तेव्हा पाणी ओतून देऊ नका, त्यात कणीक भिजवा, कढीला वापरा. पण पोराला डब्याऐवजी ते पाजून ताकद येईल असं समजू नका. ताकद वरच्या पनीरमध्ये आहे, चक्क्यात आहे.

फायदा आहे का? आहे

प्रोटीन अंगात काय करतं? मातीच्या भिंतीचं उदाहरण घ्या. पावसाळा झाला की भिंतीला भेगा पडतात, आणि आपण माती कालवून लिंपतो. आपण पळतो, ओझं उचलतो, दिवसभर वाकून खुरपतो, तेव्हा स्नायूंना अशाच बारीक भेगा पडतात. रात्री झोपेत शरीर त्या लिंपून घेतं. लिंपायची माती म्हणजे प्रोटीन. माती कमी पडली की भिंत पातळ होत जाते.

व्हे प्रोटीनच्या तीन गोष्टी चांगल्या आहेत. पहिली, ते पचायला हलकं आहे आणि लवकर अंगी लागतं. दुसरी, त्यात ल्युसिन नावाचा घटक भरपूर असतो. स्नायू बांधायचं काम सुरू करा, असा निरोप शरीराला हा घटक देतो. तिसरी, थोडक्यात पुष्कळ मिळतं. एका चमच्यात, म्हणजे डब्यातल्या मापात, साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. ज्या म्हाताऱ्या माणसाला चावता येत नाही, आजारातून उठलेल्या ज्याला दोन घासांवर जेवण जात नाही, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं याचा उपयोग होतो. खूप कसून व्यायाम करणाऱ्या खेळाडूलाही होतो.

आता दुसरी बाजू. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात स्पष्ट म्हटलंय की अंग कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा. व्यायामाबरोबर जादा प्रोटीन घेतल्यानं ताकदीत पडणारी भर थोडी असते. आणि वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर गेलं तर आणखी काही वाढत नाही. बऱ्याच पावडरींत साखर, कृत्रिम गोडी आणि वास घातलेले असतात. खूप दिवस खूप जास्त घेतल्यानं हाडं आणि मूत्रपिंडं यांना धोका होऊ शकतो, असंही त्यात सांगितलंय.

म्हणजे मी मावशींना जे म्हणाले ते अर्धवट होतं. धडधाकट माणसानं मापात घेतलेल्या एका चमच्यानं किडन्या जात नाहीत. पण ज्याला आधीच मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गरोदर बाईनं, अंगावर पाजणाऱ्या आईनंही नाही. लहान मुलांना मनानं द्यायचं नाही. दुधाची ॲलर्जी असेल त्यानं अजिबात नाही. दूध पचत नसेल त्याचं पोट फुगू शकतं. साखरेचा आजार असेल त्यानं साखर किती घातलीय ते आधी बघायचं.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. नुसती पावडर पिऊन स्नायू वाढत नाहीत. मेहनत पाहिजे, झोप पाहिजे, पोटभर जेवण पाहिजे. पोट रिकामं असेल तर शरीर महागाचं प्रोटीन सरपणासारखं जाळून टाकतं. आणि गरजेपेक्षा जास्त घेतलं तर ते साठत नाही, चरबी होऊन बसतं.

मावशींच्या घरचं ताट

हे सगळं समजल्यावर मी मावशींच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग म्हटलं, आपण हिशेब करू. पैशाचा नेहमी करतो, आज ताटाचा करू.

माणसाला रोज किती प्रोटीन लागतं? मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ठरवलेला हा आकडा आहे. पन्नास किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम. पहिले सहा महिने अंगावर पाजताना आणखी १७ ग्रॅम.

मावशींचं वजन पन्नास. आदल्या दिवशी काय खाल्लं ते त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहिलं. सकाळी चहा आणि दोन बटर, ३ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ६ ग्रॅम. बटाट्याची भाजी, २ ग्रॅम. संध्याकाळचा चहा, १ ग्रॅम. रात्री एक भाकरी, ५ ग्रॅम. वाटीभर भात, ३ ग्रॅम. आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं पातळ वरण, २ ग्रॅम. बेरीज २२. पाहिजेत ४२.

मावशी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणून संध्याकाळी जिना चढताना पाय लटपटतात होय? मला वाटलं वय झालं." त्यांचं वय चव्वेचाळीस आहे.

मग मुलाचं ताट काढलं. त्याला सकाळी दूध, दोन अंडी, चार पोळ्या, घट्ट वरण. डबा नसतानाही त्याला साठ ग्रॅमच्या आसपास मिळत होतं. कसून पळणाऱ्या साठ किलोच्या मुलाला सत्तर ते नव्वद पुरतं. कमी पडत होतं ते थोडंच.

तेवढ्यात आतून मुलगी पाणी घेऊन आली. मी सहज विचारलं, "तू काय करतेस?" तर म्हणाली, "मीपण भरतीचीच तयारी करतेय, ताई." मैत्रिणींनो, ही गोष्ट मला मीटिंगमध्ये कुणी सांगितलीच नव्हती. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं आणि मुलींना ८०० मीटर. शंभर मीटर आणि गोळाफेक दोघांनाही आहे. पन्नास गुण दोघांनाही. एकाच घरातून पहाटे दोघं एकाच मैदानावर पळायला जात होती. परत आल्यावर त्याला दूध-अंडी आणि हिला चहा-चपाती. मी मावशींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हिला कशाला लागतंय? ही खाते की घरचं."

हे त्या दुष्टपणानं बोलल्या नाहीत. त्यांच्या आईनं त्यांना असंच वाढलं, आणि त्यांनी लेकीला. आपण सगळ्यांनी हेच केलंय. माझ्या घरीही भावाच्या भाकरीवर लोणी असायचं, आणि मला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. पण आज वहीत आकडे होते. मुलीच्या ताटाची बेरीज आली अठ्ठावीस.

वीस ग्रॅम कुठून आणायचे?

आता मावशींचे कमी पडलेले वीस ग्रॅम बघा. मूठभर भाजलेले शेंगदाणे, म्हणजे तीस ग्रॅम, त्यात ७ ग्रॅम. तेवढ्याच मटकीची मोड आणून केलेली उसळ, ७ ग्रॅम. एक अंडं किंवा पेलाभर दूध, ६ ग्रॅम. झाले वीस. आमच्याकडच्या भावानं हा सगळा खर्च दिवसाला पंधरा-सोळा रुपये. दूध घेतलं तर थोडा जास्त.

डब्याचा हिशेब असा. चांगल्या कंपनीचा किलोचा डबा आमच्याकडं तीन हजारांच्या आसपास मिळतो. त्यात तीसेक मापं. म्हणजे एका मापाला शंभर रुपये आणि प्रोटीन २४ ग्रॅम. तेवढंच चार अंड्यांत मिळतं, तीस रुपयांच्या आत. सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तरी तेवढंच, आणि खर्च दहा रुपयांच्या आसपास.

हां, एक गोष्ट सरळ सांगते. दाण्यांत तेल भरपूर असतं, म्हणून वाटीच्या वाट्या खायचे नाहीत. आणि डाळी-कडधान्यांचं प्रोटीन दूध-अंड्याएवढं पूर्ण नसतं. पण भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं. ज्वारीची भाकरी आणि पिठलं, बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, खिचडी आणि कढी, थालीपीठ आणि दही. आपल्या आज्यांनी या जोड्या लावून ठेवल्यात. फक्त पिठलं घट्ट पाहिजे. वरणात डाळ दिसली पाहिजे. आणि ते बाईच्या ताटात पडलं पाहिजे, पातेलं खरवडून उरलेलं नव्हे.

आता तुमच्यातल्या ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांच्याशी बोलते. पहाटे उठून शेण कोण काढतं? आपण. वैरण कोण घालतं? आपण. धारा काढून किटली डेअरीवर जाते, लिटरला तीसेक रुपये मिळतात. घरात उरतं चहापुरतं. त्याच दुधाचं चीज होतं, चीजच्या पाण्याची पावडर होते, आणि तीच पावडर तीन हजार रुपये किलोनं आपल्या उंबऱ्यावर परत येते. मग ती घ्यायला आपण गटातून कर्ज काढतो.

दूध विकू नका असं मी म्हणणार नाही. त्या पैशावर घर चालतं, मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की किटली भरण्याआधी माणशी एक पेला बाजूला काढा. आणि काढलेला पेला पुन्हा नातवाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात देऊ नका. तो तुमचा आहे. पेलाभर दुधाचे सात-आठ रुपये होतात. दूध आवडत नसेल तर दही लावा.

पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. म्हातारपणी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, अशा किती सासवा-आया आपण बघितल्या! त्यांच्या पायात जोर राहिलेला नसतो, हे त्यातलं एक मोठं कारण. तेव्हा खाण्याबरोबर थोडा व्यायामही करा. खुर्चीवर नाहीतर ओट्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर कामच करतो. खरंय. पण दिवसभर वाकून केलेल्या कामानं कंबर दुखते, मांड्यांना जोर येतोच असं नाही.

आणखी एक. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा ५४ टक्क्यांवर होता. रक्त कमी असेल तर प्रोटीनची पावडर त्यावरचं औषध नाही. त्याला लोहाची गोळी, पालेभाजी आणि वर लिंबू. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा. थकवा फार असेल तर उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तरीही डबा घ्यायचाच असेल तर

कुणाच्या घरी डॉक्टरांनी सांगितलं, किंवा ताट पूर्ण भरूनही खेळणाऱ्या मुलाला, मुलीला कमी पडतंय, तर घ्या. त्यात लाज नाही. फक्त पाच गोष्टी बघा.

एक, डब्यावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक पाहिजे. सील शाबूत पाहिजे, तारीख बघायची.

दोन, मागच्या बाजूला शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती ते वाचा. चांगल्या व्हे पावडरीत सत्तर-ऐंशी ग्रॅम असतं. आयसोलेट म्हणून जो प्रकार येतो त्यात नव्वदच्या आसपास. आकडा वीस-तीस असेल तर ती पावडर मुख्यतः साखर आणि पीठ आहे. वजन वाढवायच्या नावाखाली असे डबे विकतात.

तीन, घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते बघा. जे सगळ्यांत जास्त असतं ते आधी लिहितात. तिथं व्हे पाहिजे. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन पहिलं असेल तर डबा खाली ठेवा.

चार, सुटा माल घ्यायचा नाही, आणि बिल घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल असेल तर तक्रारीला जोर येतो. आमच्या मावशींकडे बिल नव्हतं, म्हणून काही करता आलं नाही.

पाच, पावडरीबरोबर कुणी गोळी किंवा इंजेक्शन पुढं केलं, "यानं लवकर अंग भरेल" असं म्हणालं, तर तिथून निघून या. पोराला हे घरी बसवून, न रागावता सांगा. रागावलं की पोरं लपून घेतात.

पुढं काय झालं

मावशींचं बाहेरचं कर्ज आम्ही गटातून कर्ज देऊन फेडून टाकलं. दहा टक्क्यांचं दोन टक्क्यांवर आलं. गटानं मार्केट यार्डातून शेंगदाणे आणि मटकी एकत्र आणायला सुरुवात केली, किलोमागे थोडे पैसे वाचतात. आता मीटिंगला चहाबरोबर बिस्किटं नसतात, मोड आलेली मटकी असते, कांदा-लिंबू घालून. पहिल्यांदा नाकं मुरडली, आता वाटी लवकर रिकामी होते.

मावशींच्या घरी आता दोन्ही मुलांना दोन-दोन अंडी मिळतात. मुलाला म्हटलं होतं, "दादा, तुझ्या डब्याच्या पैशात तुम्हा दोघांची तीन-चार महिन्यांची अंडी येतात." तो पहिले दोन दिवस फुगून बसला, मग स्वतःच ट्रे घेऊन आला. दोघं अजून पळताहेत. भरतीत काय होईल ते होईल. पण मुलगी परवा म्हणाली, "ताई, आता शेवटच्या फेरीला धाप लागत नाही." आणि मावशी स्वतःचं अंडं खातात का? रोज नाही. कधी कधी अजून मुलांच्या ताटात सरकवतात. सवय आहे, एका वर्षात जात नाही. म्हणून मुलगी आता आईच्या समोर बसते आणि खाल्ल्याशिवाय उठू देत नाही.

आता तुम्हाला घरचा अभ्यास. पुढच्या मीटिंगला येताना प्रत्येकीनं आदल्या दिवशी स्वतः काय खाल्लं ते आठवून यायचं. घरच्यांनी काय खाल्लं ते नको, स्वतःचं. लिहिता येणाऱ्या मैत्रिणीनं सगळ्यांचं वहीत लिहायचं आणि ग्रॅमची बेरीज करायची. अंदाजासाठी एवढं पुरे. एक पोळी तीन ग्रॅम, एक भाकरी पाच, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ सात, मूठभर दाणे सात. वजनाच्या जवळपास तेवढे ग्रॅम व्हायला हवेत, पन्नास किलोला चाळीस-बेचाळीस. जिची बेरीज सगळ्यांत कमी येईल तिला नावं ठेवायची नाहीत. गटानं मिळून विचारायचं, "ताई, तुझ्या घरी काय वाढवता येईल?"

आणि गटातली एखादी खाली मान घालून कर्ज मागत असेल, तर माझ्यासारखं सगळ्यांसमोर तिला गप्प करू नका. आधी शेजारी बसा. तिच्या घरचं ताट विचारा.

चला, आता उठते. तुम्हीही उठा, आणि उठताना हात टेकू नका. नमस्कार.